कचरा डेपो बंद करण्याचा निधी: ऑडिटला कुठून धरू?

नवा_ऑडिटर: नगरपरिषदेच्या वहीत 'डेपो बंद खर्च' म्हणून मुदत ठेव दिसते. पावती मागितली की लेखापाल चहा मागवतात. स्थानिक निधी लेखापरीक्षेत माझं पहिलंच वर्ष.

जुनी_खतावणी: पावतीवर विसंबू नका. बँकेकडून थेट शिलकेचा दाखला घ्या, ठेवीवर कर्ज काढलंय का तेही विचारा. मी एकदा फसलोय.

मैला_पाणी: 2016 च्या घनकचरा नियमांत डेपो बंद झाल्यावर किमान 15 वर्षं देखभाल सांगितली होती: आच्छादन, लीचेट (कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी), वायू, भूजल. ठेव तेवढ्याला पुरते का?

ओहायोकर: इकडे अमेरिकेत साधारण 30 वर्षं धरतात. जागा 60 टक्के भरली, तर अंदाजी खर्चाच्या 60 टक्के देणं ताळेबंदात दाखवावंच लागतं.

नवा_ऑडिटर: बँकेला पत्र गेलं. चहा बंद झालाय.