व्हर्नरच्या आधीची आया व्हर्झानोव्हा

चेक फिगर स्केटर टोमाश व्हर्नरच्या २००८च्या युरोपियन स्पर्धेतल्या सुवर्णाचं कौतुक होतं, ते रास्तच. पण चेक स्केटिंग म्हटलं की मला आधी आया व्हर्झानोव्हा आठवते. १९४९ आणि १९५०, लागोपाठ दोनदा जगज्जेती! स्पर्धेत डबल लुत्झ (हवेत दोन गिरक्यांची उडी) मारणारी पहिली बाई म्हणून तिचंच नाव घेतात. ही उडी मोठी तिरपागडी: ब्लेडच्या बाहेरच्या धारेवर मागे सरकत यायचं आणि वळणाच्या नेमकं उलट गिरकी घ्यायची. १९५०चं विजेतेपद लंडनला मिळालं आणि ही अठरा वर्षांची पोरगी कम्युनिस्ट प्रागला परतलीच नाही. ऑलिंपिक पदक राहिलं ते राहिलंच. पुढे अमेरिकेत आइस शो केले, न्यूयॉर्कमध्ये संसार थाटला.