लाटेखाली सापडलं तर काय करायचं? भाऊ बालीला चाललाय

सुरसागरकाठी:
आपल्या बडोद्यात समुद्र नाही, तरी धाकट्या भावाला सर्फिंगचं वेड लागलंय. कर्नाटकात मुल्कीला जाऊन शिकून आला, आता जुलैत बालीला उलुवाटूच्या किनाऱ्यावर जायचं म्हणतोय. हल्ली रोज लालबागच्या पूलवर जातो, काठ धरून भराभर श्वास घेतो आणि मग पाण्याखाली जाऊन बसून राहतो, म्हणे वाइपआउट झाला, म्हणजे लाटेवरून पडून पाण्याखाली गेलो, तर दम टिकला पाहिजे. आईने धसकाच घेतलाय. हे बरोबर आहे का?

दांडियाबाजार:
ताई, ते भराभर श्वास घेणं आजच्या आज बंद करायला लावा!! श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढतो म्हणून, आणि भराभर श्वास घेतला की तोच कमी होतो, ऑक्सिजन काही फारसा वाढत नाही. मग गुदमरल्यासारखं वाटायच्या आधीच माणूस पाण्यात बेशुद्ध पडतो, आवाज नाही की धडपड नाही, काठावरच्याला वाटतं अजून प्रॅक्टिसच चालू आहे. चांगले पोहणारेही असे गेलेत. एकट्याने तर कधीच नको.

लाटवेडा:
मी मूळ बडोद्याचाच, आता चेन्नईला, कोवलमला सर्फ करतो. वरचं सगळं खरं. लाटेखाली असतं ते असं की वर कुठे खाली कुठे कळत नाही, वॉशिंग मशीनमध्ये टाकल्यासारखं, आणि पहिल्यांदा हातपाय मारावेसे वाटतात, तेच करायचं नाही. फेसात हवा मिसळलेली असते, हात मारून पकड मिळत नाही, नुसता दम संपतो. दोन्ही हातांनी डोकं झाकून अंग सैल सोडायचं, लाटेचा जोर ओसरला की मग वर यायचं, कळलंच नाही तर पायाची लीश (बोर्डला बांधलेली दोरी) चाचपायची, बोर्ड बहुतेक वर तरंगत असतो. वर येताना एक हात डोक्यावर, बोर्ड आदळतो. श्वास घेतला की लगेच समुद्राकडे बघा, मोठ्या स्वेलमध्ये (दुरून येणाऱ्या मोठ्या लाटांत) पुढची लाट बारा-पंधरा सेकंदात येते.
उलुवाटूला खाली रीफ (प्रवाळाचा खडक) आहे, ओहोटीला पाणी फार कमी होतं, तिथे पडताना डोक्यावर सूर मारायचा नाही, आडवं पडायचं.

सुरसागरकाठी:
त्याला वाचून दाखवलं, चिडला. म्हणतो मोठे सर्फर असंच करतात.

लाटवेडा:
ते एकटे नसतात ना. 2013 मध्ये पोर्तुगालच्या नाझारेला ब्राझीलची सर्फर माया गाबेरा पाण्यात बेशुद्ध झाली होती, तिचा साथीदार कार्लोस बुर्ले जेट स्कीवर तिथेच होता, त्याने ओढून किनाऱ्यावर आणली, तिथे सीपीआर (छाती दाबून हृदय-श्वास चालू करण्याचा उपचार) दिला म्हणून वाचली. 2020 ला त्याच नाझारेला तिने 73.5 फुटांची लाट घेतली. त्याला सांगा, पूलवर नुसतं पोहून स्टॅमिना वाढव, दम धरायचा सराव शिकवणाऱ्याकडेच कर, आणि बालीत गाइड घेऊन लाटा छोट्या असतील त्या दिवशी उतर.

दांडियाबाजार:
आणि घरात कोणीतरी सीपीआर शिकून घ्या, ताई. निदान त्याच्यासोबत जाणाऱ्याने तरी.