काउंटरवाल्यांसमोर मागं बसायचं? मग घरीच बसा की

जुना_स्टॉपर
काल इथं एकानं ठोकून दिलंय: 'रविवारी समोर कोल्हापूरची टीम, त्यांचा सगळा खेळ काउंटरवर. ५-४-१ लावा, गुमान मागं बसा, पेनल्टीवर बघू.' वाचून झोप उडाली राव. फुटबॉलमधलं काउंटर म्हणजे आपला चेंडू हिसकावला की लगेच उलटा हल्ला, आणि ५-४-१ म्हणजे मागं पाच बॅक, मधे चार हाफ, पुढं एकटा. काउंटरवाल्याला काय पाहिजे असतं? आपल्या बॅकच्या पाठीमागची मोकळी जागा. ती नाही दिली तर तो अडतो, मान्य. पण आपणही बसलो तर गोल कोण करणार, कृष्णामाई? कुस्तीत नुसता बचाव करणाऱ्याला पंच ताकीद देतो आणि गुण समोरच्याला जातो. हे सांगलीकरांना सांगायला लागतंय.

आकड्यांचा वाद रिकामा आहे. चेंडू आपल्याकडून गेला त्या क्षणी मागं कोण उभं होतं, ते बोला. २०१८ च्या वर्ल्डकपातला जपान-बेल्जियम आठवा. जपान २-० पुढं, मग २-२, आणि ९४ व्या मिनिटाला कॉर्नर जपानचाच. बेल्जियमचा गोली कुर्त्वानं तो हवेतच धरला, डी ब्रुइनकडं सोडला, डी ब्रुइन मधनं सुटला, उजवीकडं मुनिए, त्याचा पास लुकाकूनं न शिवता जाऊ दिला आणि मागनं शाडलीनं गोल. दहाएक सेकंदांचा खेळ. यात जपानचं फॉर्मेशन कुठलं होतं, सांगा बरं.

आमच्या फायनललाही तेच. ०-० होतं, कॉर्नर आमचा, आम्ही दोन्ही स्टॉपर, म्हणजे मधले बॅक, हेडर मारायला पुढं. मागं एकटा बुटका हाफ. चेंडू परत आला तेव्हा मी वळलो, तर काळ्या मातीत बूट रुतलेला. पाय बाहेर आला, बूट तिथंच. एका पायात मोजा घेऊन पळतोय आणि त्यांच्या विंगरच्या पाठीवरचा ११ नंबर बारीक बारीक होत चाललाय. आजही कॉर्नर मिळाला की मला आनंद होत नाही.

पाच_चार_एक
तो 'एकानं' म्हणजे मीच. नाव घ्यायला लाजू नका काका. मागं बसून काय होतं ते इंग्लंडच्या लेस्टर क्लबला विचारा. २०१५-१६ ला प्रीमियर लीग मारली, चेंडू बहुतेक वेळ समोरच्याकडंच.

जुना_स्टॉपर
भावा, लेस्टर ही काउंटरवालीच टीम होती! आपला प्रश्न लेस्टर व्हायचा नाही, लेस्टरसमोर काय करायचं हा आहे. त्या सीझनला ३८ पैकी ३ सामने हरले, त्यातले २ आर्सेनलकडून. आर्सेनल काय गोलपुढं बस लावल्यागत मागं बसलं होतं? लेस्टरच्याच मैदानावर ५-२.

पाच_चार_एक
आणि दुसऱ्या सामन्यात ५४ व्या मिनिटाला लेस्टरचा बॅक सिम्पसन लाल कार्ड खाऊन बाहेर. तोवर १-० लेस्टर पुढं. हे बरं सोयीनं गाळलं.

जुना_स्टॉपर
बरं, दीड विजय धरा. खूश?

हळदीचा_भाव
तुमचं चालू द्या. साधा उपाय हाफलाइनवर आहे. त्यांचा माणूस सुटला की शर्ट धरायचा. पिवळं कार्ड, विषय संपला. २०२१ ला झालेल्या युरो कपाच्या फायनलला इटलीच्या चिएलिनीनं इंग्लंडच्या साकाची कॉलर मागनं ओढली, पिवळं घेतलं, कप इटलीला.

मिरज_जंक्शन
विषय संपला म्हणे. माझ्या भाच्याला असंच 'हुशारीनं' अडवलं होतं. घोट्यात प्लेट बसली. बारावीचे पेपर त्यानं बाकावर पाय आडवा ठेवून लिहिले. पाडणारा दुसऱ्या रविवारी कॅप्टन म्हणून टॉसला उभा!

हळदीचा_भाव
ताई, शर्ट ओढणं वेगळं, पायावर जाणं वेगळं. मी शर्ट म्हटलं.

मिरज_जंक्शन
टीव्हीवर शर्ट असतो. आपल्याकडं शर्ट हाताला लागला नाही की पाय जातो. तुम्ही कधी खेळलाय का, का नुसतं वायदेबाजारातून बघताय?

हळदीचा_भाव
दहा वर्षं राइट बॅक होतो. आणि शर्ट धरूनच.

तालमीतला
धरणं हा डाव आहे की रडीचा खेळ, ते आधी ठरवा. आमच्याकडं पकड झोंबून धरतात, पण समोरनं. पाठ दाखवून पळणाऱ्याला मागनं धरायचं यात कसली मर्दुमकी?

जुना_स्टॉपर
वस्ताद, फुटबॉलमध्ये पाठ दाखवून पळणाराच गोल करतो.

गोली_नंबर_१
गोलीला कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. मैदानावर महिनाभर प्रदर्शनाचा मंडप होता. मंडप गेला, खांबांचे खड्डे राहिले. पेनल्टी बॉक्समध्येच चार आहेत, मी मोजलेत. तिथं मागनं पास खेळत वर या म्हणणाऱ्यानं आधी एक दिवस माझे ग्लोव्हज घालावेत. त्यात पाऊस झाला तर जमिनीवरचा पास दहा पावलांवर मरतो. त्यांचा काउंटरही मग उंच चेंडूवरच येणार. उंच स्टॉपर मागं ठेवा, पुढं नाही.

जुना_स्टॉपर
हेच तर मी सकाळपासून ओरडतोय.

पाच_चार_एक
ओरडताय आक्रमणासाठी आणि सांगताय माणसं मागं ठेवायला. पण कॉर्नरचं कबूल. बुटाची गोष्ट ऐकल्यावर नाही कसं म्हणू. दोन्ही स्टॉपर आणि एक हाफ मागं, त्यांनी पुढं दोन ठेवले तरी आपण तीन. बाकीच्या वेळी मात्र माझे पाचच राहतील, कारण आपले बॅक वर गेले की परत यायला मिरजेहून येतात.

मिरज_जंक्शन
मिरजेवरून बोलू नका.

हळदीचा_भाव
आणि तो हाफ कोण? शर्ट धरणारा घ्या.

मिरज_जंक्शन
घ्या की. भाचा येणारे बघायला, टचलाइनला बसेल. त्याच्यासमोर धरा.

हळदीचा_भाव
...बरं. नुसता आडवा उभा राहीन.

जुना_स्टॉपर
सकाळी सातला या सगळ्यांनी. येताना घमेली आणि खोरी आणा, बॉक्समधले चार खड्डे आधी भरू. गोली, जागा तू दाखव.