नागपुरातली पहिली कमाई आणि तिचा हिशेब : आपापले अनुभव लिहा

नागपूर स्वस्त शहर आहे, असे पुण्या-मुंबईहून परतलेला प्रत्येक जण सांगतो. वडसा, पुसद किंवा आमगावहून निघून गणेशपेठच्या बसस्थानकावर बॅग घेऊन उतरलेल्या मुलाला मात्र हेच शहर आठवडाभरात महाग वाटू लागते. दोघांचेही खरे आहे. माझे निरीक्षण असे की, इथली तरुण मंडळी घरभाड्यामुळे फारशी अडचणीत येत नाहीत. भाडे कमी आहे म्हणून जे हप्ते बिनधास्त अंगावर घेतात, त्यांच्यामुळे येतात. पहिल्या पगारापासून सहा महिन्यांचा खर्च हाताशी शिल्लक पडेपर्यंत तुमच्या बाबतीत काय काय घडले, ते आकड्यांसह लिहावे. कंपनी, दवाखाना किंवा घरमालक यांचे नाव कृपया लिहू नये. सुरुवात मीच करतो.

२०१६ साली मला बुटीबोरीच्या एका कारखान्यात १४,००० रुपयांची नोकरी लागली. नरेंद्रनगरातल्या खोलीचे भाडे पाच हजार होते, ते दोघांत वाटून अडीच हजार पडे, आणि मेसचे २,६०० जात. कागदावर पगार पुरून उरत होता. मार्चअखेरीस घरमालक काकांनी जिन्यातच थांबवून विचारले, "कुलर लावणार का? नाही म्हणजे, सब-मीटरचा युनिटला बारा रुपये भाव आहे, आधीच सांगून ठेवतो." कुलर न लावून नागपुरात मे काढता येत नाही. जुना कुलर, नवा पंप, लोखंडी स्टँड आणि गवताच्या ताट्या मिळून साडेपाच हजार गेले. मे महिन्याचे विजेचे २,१०० आले. त्यातच परीक्षा संपून विद्यार्थी गावी गेल्यामुळे मेस महिनाभर बंद राहिली आणि दोन्ही वेळचे जेवण बाहेर करावे लागले. जूनच्या एक तारखेला माझ्यावर खोलीतल्या मित्राचे सात हजार उधार होते. उन्हाळा दरवर्षी येतो हे जन्मापासून ठाऊक असूनही मी तो अचानक उद्भवलेला खर्च मानला होता, ही माझी चूक. त्याच जुलैत मी बँकेत दरमहा हजार रुपयांची नऊ महिन्यांची आरडी (आवर्ती ठेव) उघडली. तिला आम्ही आजही 'कुलरची आरडी' म्हणतो. पुढे दिवाळी आणि गाडीचा विमा यांच्याही वेगळ्या आरड्या झाल्या आणि महिन्याऐवजी वर्षाचा हिशेब मांडायची सवय लागली. (अवांतर : फेब्रुवारीत व्यवसायकर २०० ऐवजी ३०० कापला गेला, तेव्हा मी एचआरकडे भांडायला गेलो होतो. वर्षाचे अडीच हजार पुरे करण्यासाठी तो तसाच कापतात, हे मला तिथे चार लोकांसमोर कळले.)

मेडिकल चौकाजवळून, परिचारिका, वय २७

दादा, तुमच्या कुलरसारखीच माझी गोष्ट वडिलांच्या पित्ताशयातल्या खड्यांची आहे. मी एका खासगी रुग्णालयात १७,५०० रुपयांवर रुजू झाले, आणि पगारपत्रकात ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) नावाने दरमहा सव्वाशेच्या वर रुपये कापले जातात, ते वाया जातात असेच मी दोन वर्षे समजत होते. वडील तुमसरला असतात. त्यांच्या शस्त्रक्रियेला खासगी दवाखान्यात ६५,००० रुपये लागले; त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि त्या सोडवायला मला चौदा महिने लागले. पाटल्या सोडवून आणल्या त्याच आठवड्यात एका वरिष्ठ ताईंनी सहज विचारले, की आईवडिलांची नावे तू कार्डावर का घातली नाहीस? अवलंबून असलेल्या आईवडिलांना त्या योजनेत उपचार मिळू शकतात. रोज रुग्णांचे असलेच कागद हाताळणाऱ्या मला स्वतःचा अर्ज मात्र नीट भरता आला नव्हता. नावे आता नोंदवली आहेत. परंतु योजनेची पगारमर्यादा २१,००० आहे आणि पुढच्या वाढीत माझा पगार ती ओलांडेल, त्यामुळे वाढ हातात पडण्याआधीच आईवडिलांचा आरोग्यविमा काढावा लागणार आहे आणि वाढीतला बराचसा भाग त्याच्या हप्त्यातच जाणार आहे.

मानेवाड्याहून, संगणक अभियंता, वय ३१

मी हिंजवडीत चार वर्षे काढून २०२० मध्ये नोकरी गेल्यावर घरी परतलो. तीन महिने पगार नव्हता, तेव्हा पीएफ पूर्ण काढून घेतला. पाच वर्षे भरली नसल्यामुळे त्यातून करही कापला गेला. उरलेले पैसे खरे तर जपून ठेवायचे होते. त्यांची बुलेट आली. त्यावर अधिक लिहीत नाही.

खरा धडा पुढचा आहे. मिहानमध्ये नोकरी लागली, राहणे घरचेच, त्यामुळे दोन वर्षांत साडेचार लाख जमले, आणि ते जमल्याचे घरात कळताच काका रविवारी मला बेसाच्या पलीकडचा एक लेआउट दाखवायला घेऊन गेले. नागपुरात मुलगा कमावता झाला की प्लॉट पाहायला जाणे हा जवळजवळ एक संस्कारच आहे. पंधराशे चौरस फूट, नऊशे रुपयांचा भाव, शेतात चुन्याने आखलेल्या रेषा आणि प्रवेशद्वाराशी सिमेंटचे दोन हत्ती. विक्रेता म्हणाला, "घेऊन टाका भाऊ, दिवाळीनंतर रेट वाढून राहिला." आरएलचे, म्हणजे प्लॉट अधिकृत असल्याच्या पत्राचे, विचारले तर ते 'प्रोसेसमध्ये' असल्याचे उत्तर मिळाले. मी चार लाख इसार दिला आणि मग बँकेत गेलो. हा क्रम उलटा हवा होता. बँकेतल्या बाईंनी सात-बारा पाहून फाइल दोन मिनिटांत परत केली : जमीन अजून शेतीची, एनएचा (अकृषिक वापराचा) आदेश नाही, मंजूर नकाशा नाही, म्हणून कर्ज नाही. इसाराचे पैसे परत मिळवायला बावीस महिने लागले आणि साठ हजार कापून घेतले गेले. प्लॉट घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. पण ज्या जमिनीवर बँक कर्ज द्यायला तयार नाही, तिच्यात आपली आयुष्यातली पहिली बचत रोखीने ओतण्याइतके धाडस माझ्या वयाच्या माणसाने करू नये. काकांशी बोलणे आता पूर्ववत झाले आहे.

प्रतापनगर, वय २४

थोडक्यात लिहितो. क्रेडिट कार्डावर ४०,००० थकले होते आणि मी दरमहा 'किमान देय रक्कम' म्हणून २,००० भरत होतो, म्हणजे आपण नियमित आहोत अशी माझी समजूत होती. साडेतीन टक्के मासिक व्याजाचे १,४०० आणि त्यावरच्या जीएसटीचे २५२ वजा केल्यावर मूळ रक्कम ३४८ रुपयांनीच कमी होते, हे मी पहिल्यांदा कागदावर मांडले, त्या रात्री जेवण गेले नाही. भावाकडून रक्कम उसनी घेऊन कार्ड एकदम मिटवले. भावाला दरमहा ४,००० देतो, आणि तो व्याज म्हणून फक्त तर्री पोहे खातो.

महाल, वय २९

मला भाडे द्यावे लागत नाही, त्यामुळे मी इथे लिहावे की नाही असा प्रश्न पडला होता. आमच्या घरात पैशाबद्दलची भीती जुनी आहे. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी कधी बंद पडेल, अशी कल्पनाही त्यांच्या पिढीला नव्हती. नोकरी सुटताना मिळालेली सगळी रक्कम त्यांनी जास्त व्याजाच्या लोभाने एका पतसंस्थेत ठेवली आणि ती बुडाली. बँकेतल्या ठेवीला आज पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आजोबांच्या दृष्टीने मात्र काउंटर, शिक्का आणि पासबुक असले की ती बँकच. मी घरखर्चाला दहा हजार देते, आणि सहा महिन्यांच्या खर्चाचे सव्वा लाख साठवायला मला तीन वर्षे लागली. ते निम्मे बँकेत आणि निम्मे पोस्टात आहेत. व्याज कमी मिळते, तेवढ्यावर माझे भागते. गेल्या महिन्यात मोठे बाबा दुसऱ्या एका पतसंस्थेचे पत्रक घेऊन आले होते. आईने त्यांना चहा दिला, पत्रक वाचले, आणि काही न बोलता आतून आजोबांच्या लोखंडी पेटीतले ते जुने पासबुक आणून त्यांच्यापुढे ठेवले.