संगीतावरचं छोटं शब्दकोडं कसं बांधायचं?

मंद्रसप्तक:
गाण्याच्या वर्गातल्या मुलांसाठी संगीतावरची छोटी शब्दकोडी करायची आहेत. मुलं 10 ते 14 वयाची, दोन-तीन वर्षं शिकलेली. पाच-सहा शब्द पुरेत, तास संपता संपता हातावेगळं होईल एवढंच हवं. शब्दांची वाण नाही. राग, ताल, वाद्यं, गायनप्रकार, सगळं वहीत उतरवून ठेवलंय. घोडं अडतं ते जुळणीत. 'तानपुरा' आडवा घातला की 'पु'वरून खाली काही उतरतच नाही. 'भैरवी'च्या 'भै'ला 'भैरव' सोडून सोबती मिळत नाही. इंटरनेटवरची कोडी बनवणारी साधनं पाहिली, तर ती 'ला'मधला ल एका घरात आणि काना दुसऱ्या घरात टाकतात.

जोडाक्षर एका घरात लिहायचं की दोन? कोडं चौरसच हवं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलांना नुसती पाठ केलेली माहिती न आठवता गाणं आठवावं, अशी शोधसूत्रं कशी लिहायची?

उभाआडवा:
ताई, आधी सोप्या शंका मिटवतो. एका घरात एक अख्खं अक्षर, काना-मात्रा-अनुस्वारासकट. जोडाक्षरही एकाच घरात. म्हणजे 'षड्ज' दोन घरांचा (ष, ड्ज) आणि 'जलतरंग' पाच घरांचं. ती साधनं सोडूनच द्या. चौकटीची वही आणि पेन्सिल घ्या, नाहीतर स्प्रेडशीटमध्ये एकेका खान्यात एकेक अक्षर टाइप करा. चौरसाची सक्ती अजिबात नाही. आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं 21 डिसेंबर 1913 ला 'न्यू यॉर्क वर्ल्ड'मध्ये आलं, ते पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं होतं आणि मधोमध पोकळ.

आता जुळणी. तुम्ही आधी शब्द पक्के करताय आणि मग छेद, म्हणजे आडवा आणि उभा शब्द भेटतात ते घर, शोधताय. याच्या उलट चाला. मराठीत 'त' आणि 'ता' ही दोन वेगळी घरं, त्यामुळे छेदाच्या जागी शक्यतो बिनकान्याची, बिनवेलांटीची अक्षरं येऊ द्या. संगीताच्या शब्दांत स, र, ग, म, त, न, क भरपूर सापडतात. मात्रा लागलेल्यांत मला दोनच उदार वाटतात. 'ता'वर ताल, तान, सतार, झपताल मिळतात आणि 'रा'वर राग, अंतरा, तराणा, दादरा. 'पु', 'भै', 'ठु' यांना छेद नसलेल्या घरांत बसवा. तुमच्या तानपुऱ्याच्या 'ता'वरून आणि 'रा'वरून खाली उतरा, 'पु'च्या खाली काळं घर ठेवा.

एक करून दाखवतो.

■ | ■ | ■ | य
स | र | ग | म
ता | ■ | म | न
र | सि | क | ■

सुरुवात 'सरगम'पासून केली. 'स'वरून सतार खाली सोडली, 'ग'वरून गमक. दोघांची शेवटची अक्षरं एकाच ओळीत आली, र आणि क, मध्ये एक घर रिकामं. तिथे 'रसिक' असा चपखल बसला की मला फार आनंद झाला! असे चार शब्द एकमेकांना धरून उभे राहिले की कोडं पक्कं झालं म्हणायचं.

मग सरगमचा 'म' मोकळा होता. त्याच्याखाली काहीही ठेवलं तरी ते गमकच्या 'म'ला चिकटणार. म्हणून तो 'म' मधोमध धरून 'यमन' उभा केला, आणि शेजारी आपसूक 'मन' तयार झालं. 'मन' काही संगीताच्या परिभाषेतला शब्द नव्हे, पण तो ठेवावाच असं माझं ठाम मत आहे. असा एखादा साधा शब्द अडलेल्या मुलाला पुढचं दार उघडून देतो.

लेखनभेदाचंही सांगून ठेवतो. एखादा मुलगा 'सितार' लिहील. इथे सरगमचा 'स' त्याला वाटेवर आणतो, कारण छेद नेमका भेद होतो त्याच अक्षरावर आहे. ध्रुपद-धृपद, ऋषभ-रिषभ यांत तशी सोय होत नाही, कारण त्या आद्याक्षरांना जुळणारा दुसरा शब्द सहसा सापडत नाही. छोट्या कोड्यात ते शब्द टाळलेलेच बरे.

धागेनाधीना:
वरची बांधणी सुरेख आहे. मी तबला शिकवतो, म्हणून शोधसूत्रांबद्दल लिहितो. कृपा करून 'अमुक मात्रांचा ताल' (इथे मात्रा म्हणजे तालातला एक ठोका) एवढ्यावर थांबू नका. 16 मात्रा, चार घरं म्हटलं तर तीनताल बसतो आणि तिलवाडाही बसतो. 14 मात्रा, तीन घरं म्हणजे धमार की झूमरा? 10 मात्रा, चार घरं म्हणजे झपताल की सूलताल? जो मुलगा जास्त शिकलाय तोच अडकतो, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

त्यापेक्षा ठेकाच, म्हणजे तालाचे ठरलेले बोलच, द्या ना! 'तीं तीं ना, धी ना, धी ना' एवढं छापा. मूल ते तोंडाने म्हणणार, हाताने टाळी आणि काल (टाळी न वाजवता हात नुसता फिरवणं) करणार, समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, काल आली हे त्याच्या हाताला कळणार आणि मग 'रूपक' लिहिणार. 'धा धीं ना, धा तीं ना' म्हणून पाहिलं की दादरा सापडतो. तुम्हाला गाणं आठवायला हवंय ना, ते असं आठवतं.

रागांचंही तसंच. 'संध्याकाळचा, तीव्र मध्यमाचा (म्हणजे चढ्या 'म'चा), तीन अक्षरी' असं लिहिलंत तर यमन, मारवा आणि पूरिया तिन्ही खरे ठरतात.

मंद्रसप्तक:
दोघांचे मनापासून आभार. ठेक्याची कल्पना तर मी लगेच उचलली. रागांसाठीही तसंच करता येईल. 'सा रे ग प ध सां' आणि दोन घरं दिली की मुलं गुणगुणत भूपापर्यंत पोचतील. देशकाराचे स्वर तेच असले तरी त्याला चार घरं लागतात, म्हणजे घोटाळा नाही. उभाआडवा यांच्या कोड्यासाठी अशी शोधसूत्रं लिहिली आहेत:

आडवे
2. शब्दांऐवजी स्वरांचीच नावं घेऊन गातात ते
4. गाण्यात रमतं ते
5. समेवर ज्याची मान हलते तो

उभे
1. सातही स्वर, मध्यम तेवढा तीव्र
2. हिचे पडदे सरकवून जुळवता येतात
3. स्वराला धक्के देत घेतलेलं जोरकस आंदोलन

उभाआडवा:
5 आडवा जसाच्या तसा राहू द्या, त्याला हात लावू नका. 3 उभा मात्र मुलांना शब्दांत कळणार नाही. कोडं वाटायच्या आधी एकदा गाऊन दाखवा आणि शोधसूत्रात फक्त 'आत्ता ऐकलंत ते' असं लिहा.

पुढच्या खेपेला जलतरंग आडवं घ्या. ज, त आणि ग यांच्यामध्ये एकेक घर आपोआप सुटतं, त्यामुळे जवारी (तारेचा घुमणारा झंकार), तबला आणि गत (वाद्यावर वाजवायची बंदिश) निर्धास्त खाली सोडता येतात. तानपुऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवताना मुलांनी तुम्हाला पाहिलंच असेल, म्हणजे जवारीचं शोधसूत्र तयारच आहे.