नागरिकत्वाची मुलाखत जवळ आली आहे आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी सांगलीला जायचे आहे

कृष्णाकाठ:

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहते. ग्रीन कार्ड मिळून सहा वर्षे झाली. यंदा जानेवारीत अमेरिकी नागरिकत्वासाठी एन-४०० अर्ज भरला होता, आणि आता मुलाखतीचे पत्र आले आहे. मुलाखत पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला आहे. नेमकी त्यानंतर तीन आठवड्यांनी सांगलीत आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. वडील आता नाहीत, भाऊ बंगळुरूला नोकरीत अडकलेला असतो, त्यामुळे मी जवळ असणे आवश्यक आहे.

माझ्या शंका दोन आहेत. माझ्या मैत्रिणीची मुलाखत २०२३ साली झाली. तिने अमेरिकेच्या इतिहासावरील व राज्यव्यवस्थेवरील शंभर प्रश्नांची यादी पाठ केली होती आणि तीच मला दिली आहे. ती पुरेशी आहे का? दुसरी शंका अधिक महत्त्वाची आहे. मुलाखतीनंतर भारतात जाता येते का? कोणी म्हणते खुशाल जा, कोणी म्हणते ग्रीन कार्ड काढून घेतात आणि मग परतीची पंचाईत होते. तिकीट काढावे की थांबावे, हे मला ठरवता येत नाही.

जुना एडिसनकर:

ताई, ती यादी बाजूला ठेवा. २० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर ज्यांनी अर्ज भरला, त्यांच्यासाठी नवी परीक्षा आहे. त्यात १२८ प्रश्नांची यादी असून त्यातील २० पर्यंत प्रश्न तोंडी विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. बारा बरोबर आले किंवा नऊ चुकले की अधिकारी तिथेच थांबतो. जुन्या परीक्षेत दहापैकी सहा बरोबर आले की चालत असे. आपला अर्ज जानेवारीतला असल्यामुळे आपल्याला नवीनच परीक्षा लागू होईल. राज्यपाल, आपल्या राज्याचे सिनेटर, प्रतिनिधीगृहाचे सभापती अशा प्रश्नांची उत्तरे निवडणुकांनुसार बदलतात, म्हणून ती मुलाखतीच्या आठवड्यात पुन्हा तपासून घ्या. इंग्रजीचे एक वाक्य वाचायला आणि एक लिहायला असते, त्याची चिंता नको.

खरी तयारी मात्र आपण स्वतः भरलेल्या अर्जाची करावी लागते, आणि त्याकडेच आपले लोक दुर्लक्ष करतात. अधिकारी अर्जातली पाने उलटत एकेक उत्तर विचारतो. माझ्या मुलाखतीत सर्वाधिक वेळ गेला तो प्रवासांच्या यादीवर. मुंबईहून विमान मध्यरात्रीनंतर दीड वाजता सुटते, आपण घरून आदल्या रात्री निघालेलो असतो, आणि मी आदल्याच रात्रीची तारीख लिहिली होती. पासपोर्टवरील शिक्का दुसऱ्या दिवसाचा होता. अधिकाऱ्याने त्या ओळीवर बोट ठेवले, मी शिक्का दाखवला, त्याने तारीख दुरुस्त करून घेतली आणि विषय संपला. पण त्या दोन मिनिटांत माझा घसा कोरडा पडला होता, हे मी विसरलेलो नाही. म्हणून पाच वर्षांतील सर्व प्रवास शिक्क्यांशी पडताळून एका कागदावर लिहून सोबत न्या. वेगमर्यादा ओलांडल्याचा दंड भरला असेल तर तोही सांगा; दंड किरकोळ असला तरी लपवणे किरकोळ ठरत नाही. शेवटी नागरिकत्वाच्या शपथेसंबंधीचे प्रश्न येतात आणि त्यातील एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला जातो. मला 'अलीजिअन्स' म्हणजे काय, असे विचारले होते. निष्ठा ही कल्पना आपल्याला ठाऊक असतेच, पण ती साध्या इंग्रजीत सांगण्याचा सराव घरी मोठ्याने बोलून करावा.

वाटाड्या:

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण गेल्या वर्षी आमच्या घरी हाच पेच होता. मुलाखत आणि शपथ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रवासाच्या दृष्टीने सीमारेषा शपथेची आहे. मुलाखत उत्तीर्ण झाली तरी शपथ घेईपर्यंत आपण भारतीय नागरिक आणि अमेरिकेचे कायम रहिवासीच असता. त्या काळात भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड घेऊन जाता येते आणि परत येता येते. शपथेच्या पत्रामागे, एन-४४५ वर, मुलाखतीनंतर परदेशी गेला होतात का, असा प्रश्न असतो; तिथे खरे उत्तर लिहावे. हा प्रश्न विचारतात, यावरूनच जाण्यास मनाई नाही हे लक्षात येईल.

शपथेच्या क्षणापासून मात्र सगळे बदलते. ग्रीन कार्ड तिथेच जमा करावे लागते. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते, म्हणून कपाटातला निळा पासपोर्ट मुदतीत असला तरी तो प्रवासासाठी वापरता येत नाही. वापरल्यास तो पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा ठरतो. म्हणजे हातात फक्त नागरिकत्वाचे प्रमाणपत्र उरते, आणि त्यावर विमानात कोणी बसू देत नाही. अमेरिकी पासपोर्टसाठी ते मूळ प्रमाणपत्रच अर्जासोबत द्यावे लागते, त्यानंतर भारताचा व्हिसा काढावा लागतो.

आणि काही कार्यालयांत मुलाखतीच्याच दिवशी शपथ उरकतात. आपल्यासाठी धोका आहे तो इथे. अधिकाऱ्याने आजच शपथ घेता का असे विचारले, तर आनंदाच्या भरात हो म्हणू नका. आईच्या शस्त्रक्रियेसाठी प्रवास ठरला आहे, शपथ परतल्यानंतर घ्यायची आहे, असे नम्रपणे सांगा आणि रुग्णालयाचे पत्र जवळ ठेवा. शपथेची तारीख नंतर पत्राने आली आणि ती प्रवासात पडली, तर ते पत्र कारण लिहून परत पाठवता येते व दुसरी तारीख मागता येते. पण न कळवता एकापेक्षा अधिक वेळा गैरहजर राहू नका, त्याने अर्ज सोडून दिल्यासारखे धरले जाते.

कृष्णाकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक विचारते. समजा शपथ आधीच झाली आणि आईची तब्येत अचानक बिघडली, तर मार्ग काय? आणि अर्जात नाव बदलण्याची सोय आहे, म्हणून माझे मधले नाव काढून टाकण्याचा विचार होता.

वाटाड्या:

मार्ग आहे. चौदा दिवसांत परदेश प्रवास असेल किंवा अठ्ठावीस दिवसांत परदेशी व्हिसा लागणार असेल, तर अमेरिकी सरकारच्या पासपोर्ट एजन्सीत प्रत्यक्ष भेटीची वेळ मागता येते. भारतासाठी व्हिसा लागतोच, म्हणून दुसरी अट आपल्या उपयोगाची. जवळच्या नातेवाइकाच्या गंभीर आजारासाठी त्याहूनही तातडीची सोय आहे. पासपोर्ट मिळाला की भारताचा ई-व्हिसा मागता येतो. ओसीआय कार्डाच्या (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो त्या कार्डाच्या) भरवशावर ही पहिली फेरी ठरवू नका. त्याआधी भारतीय पासपोर्ट रद्द करून समर्पणाचे, म्हणजे भारतीय नागरिकत्व सोडल्याचे, प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि या साऱ्याला कित्येक आठवडे लागतात.

सातारची सून:

नावाबद्दल मी लिहिते, कारण मी ते केले आहे. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते आणि इथे ते कधी मधले नाव होते, कधी पहिल्या नावाला चिकटते. मला ते सुटसुटीत करायचे होते. पण अर्जातून नाव बदलायचे तर शपथ न्यायालयातच घ्यावी लागते. आमच्या भागात तशी तारीख उशिरा मिळाली. पुढे भारतीय पासपोर्ट रद्द करताना आणि ओसीआयच्या अर्जात जुने नाव व नवे नाव एकाच व्यक्तीचे आहे, हे कागदांनी दाखवावे लागले. सांगलीत घर किंवा बँकेतली ठेव आपल्या जुन्या नावावर असेल, तर तिथेही तेच. माझे मत विचाराल, तर यंदा नावाला हात लावू नका.

कृष्णाकाठ:

नाव आहे तसेच ठेवते. तिकीट आज काढले, परतीसह. भावाला सांगून डॉक्टरांकडून शस्त्रक्रियेच्या तारखेचे पत्र मागवले आहे. ते इंग्रजीत आणि सहीशिक्क्याचे हवे, असेही कळवले आहे. आता आजपासून रोज वीस प्रश्न.