मुलीला पुण्यात पाठवताना खर्चाची आखणी

प्रश्न (सिडको, नाशिक): मुलीला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालय मिळण्याची शक्यता आहे. आम्ही इतर मागास प्रवर्गातील असून उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. पैशांची तजवीज कशी करावी?

उत्तर १: २०२४-२५ पासून आपल्यासारख्या कुटुंबातील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य शासन पूर्ण भरते; मात्र खासगी अभिमत विद्यापीठे (डीम्ड युनिव्हर्सिटी) या सवलतीत येत नाहीत, म्हणून पसंतीक्रम भरण्यापूर्वीच संस्थेचा प्रकार तपासावा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, कारण निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात.

उत्तर २: खरा भार राहण्याजेवणाचा असतो, आणि तोच घरोघरी कमी धरला जातो. खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे, खाणावळ, गादी, लॅपटॉप हे सारे एकदम अंगावर येते. त्यामुळे ही रक्कम मुदत ठेवीत न अडकवता हाताशी ठेवावी. वसतिगृहाचा अर्ज प्रवेश निश्चित होताच भरावा.

उत्तर ३: महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शुल्क सवलतीचा अर्ज करताना मुलीचे बँक खाते आधारशी जोडलेले असावे. तरीही कमी पडल्यास चार लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज सामान्यतः तारणाशिवाय मिळते. सोने मोडण्याची घाई मात्र करू नये.